चाकणच्या कंपनीत पहिली मुलाखत: फोन आल्यापासून ऑफर लेटर हातात पडेपर्यंतची तयारी

डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल झालेल्या मुलामुलींना पहिला कॉल बहुधा चाकण, रांजणगाव, तळेगाव, वाळूज नाहीतर सातपूर-अंबडच्या पट्ट्यातून येतो. एचआरचा माणूस घाईत असतो. "गुरुवारी दहाला या, ओरिजिनल घेऊन या," एवढं बोलून तो फोन ठेवतो. मग पुढचे चार-पाच दिवस मुलं शर्ट कुठला घालायचा आणि इंग्रजीत ओळख कशी पाठ करायची यातच घालवतात. मी क्वालिटीत काम करतो आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या टेबलापलीकडे बरेचदा बसतो. तिथून स्पष्ट दिसतं की उमेदवाराची छाप पडते ती स्वतः केलेल्या कामाबद्दल तो किती नेमकं बोलतो त्यावर. शर्ट, इंग्रजी, टक्के हे सगळं त्यानंतर येतं. म्हणून वेळ कुठे घालवायचा ते ठरवून घेऊ.

फोन आला की लगेच विचारायचे प्रश्न

घाईत "हो सर, हो सर" करून फोन ठेवू नका. वही-पेन घ्या आणि शांतपणे विचारा: पद कुठलं, विभाग कुठला (प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, की स्टोअर), लेखी चाचणी आहे का, कुठल्या गेटवर यायचं आणि कुणाचं नाव सांगायचं. हे विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. उलट उमेदवार गंभीर आहे असंच वाटतं.

एक प्रश्न मात्र सोडूच नका: "ही जागा कंपनीच्या रोलवर आहे, की कॉन्ट्रॅक्टरकडून?" गेटवरच्या पाटीवर मोठ्या कंपनीचं नाव असलं तरी तुमची नेमणूक लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने होऊ शकते. अप्रेंटिस असाल तर अप्रेंटिस कायदा १९६१ प्रमाणे तुम्ही प्रशिक्षणार्थी ठरता. हातात स्टायपेंड येतो आणि पीएफ कापला जात नाही. सुरुवातीला अप्रेंटिसशिप करणं मुळीच वाईट नाही, चांगल्या प्लांटमधलं एक वर्ष पुढे खूप कामी येतं. पण आपण कशासाठी जातोय ते जाण्याआधी माहीत हवं.

आणि फोनवरच्या माणसाने रजिस्ट्रेशन, गणवेश, ट्रेनिंग किंवा लॅपटॉप डिपॉझिटच्या नावाखाली पैसे मागितले, तर तिथेच थांबा. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मोठ्या वाहन कंपन्यांच्या लेटरहेडवर बनावट ऑफर लेटर पाठवण्याचे प्रकार या पट्ट्यात सर्रास होतात आणि बळी जातात ती बहुतेक बाहेरगावची मुलं. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आला आहे का ते बघा. शंका आली तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर फिरवून खात्री करून घ्या.

बायोडाटा: जे लिहिलंय त्यावर बोलता आलं पाहिजे

तयारीतला निम्मा वेळ इथे द्या. टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात तुमच्याबद्दलचा तेवढाच एक कागद असतो आणि त्याचे प्रश्न त्यातूनच निघतात.

बायोडाट्याची एक प्रिंट काढा आणि लाल पेनने प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी लिहा: यात मी स्वतः काय केलं, कशाने केलं, त्यातून काय निघालं. तिन्ही लिहिता आल्या तर ती ओळ ठेवा. येत नसतील तर अभ्यास करून ती ओळ खरी करा, नाहीतर काढून टाका. "ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया, अँसिस" अशी रांग लावलेली असते आणि साधा टू-डी ड्रॉइंगचा प्रश्न विचारला की शांतता पसरते. एकच सॉफ्टवेअर लिहा, पण त्यात एखादा ब्रॅकेट स्वतः काढलेला असू द्या.

प्रोजेक्टचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त मुलं इथेच अडकतात. समजा तुमचा प्रोजेक्ट सोलर ग्रास कटर आहे. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा तो असतोच, आणि ग्रुपमधल्या चारांपैकी एकाने केला, बाकीच्यांनी रिपोर्ट बाइंड केला, हेही समोरच्याला ठाऊक असतं. त्यामुळे तो विचारतो: मोटर किती आरपीएमची होती? तीच का घेतली? बॅटरी किती वेळ चालली? ही उत्तरं कागदावर काढून ठेवता येतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. मोटर ५ अँपिअर ओढत असेल तर हिशेबाने १ तास २४ मिनिटं, आणि लेड-ॲसिड बॅटरी एवढ्या भाराखाली पूर्ण क्षमता देत नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. हे वाक्य शांतपणे सांगणारा मुलगा पन्नास जणांत लक्षात राहतो. प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं तेही सांगा: ब्लेडला कंपन येत होतं, शाफ्ट आणि ब्लेडचं केंद्र जुळत नव्हतं, मग बुश बदलला. प्लांटमध्ये रोज काही ना काही बिघडतंच. बिघाडाकडे तुम्ही कसं बघता यात समोरच्याला खरा रस असतो.

प्रोजेक्ट बाहेरून तयार आणलेला असेल, तर तो सोडवून समजून घ्यायला अजून वेळ आहे. वायरिंग काढा, भागांच्या किमती शोधा, आकडेमोड करा. "सर, फॅब्रिकेशन बाहेरून करून घेतलं, पण डिझाइनचा हिशेब मी केला," असं खरंखुरं सांगता आलं पाहिजे.

एटीकेटी (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं) किंवा वायडी (नापास होऊन वर्ष वाया जाणं) असेल तर लपवू नका, मार्कशीटवर ते दिसतंच. कारण एका वाक्यात, आणि त्या वर्षात काय केलं ते दोन वाक्यांत. गावी शेतीत हातभार लावला असेल, वेल्डिंगच्या दुकानात काम केलं असेल, तर तसंच सांगा. दुकानात आर्क वेल्डिंग केलेल्या मुलाने इलेक्ट्रोड कुठला वापरला आणि करंट किती ठेवला हे सांगितलं, की समोरचा माणूस मार्कशीट बाजूला ठेवून पुढे सरकून बसतो.

विषयाची उजळणी: सगळी पुस्तकं नकोत

चार दिवसांत तीन वर्षांचा अभ्यासक्रम होत नाही. ज्या विभागात जायचंय त्याच्या आसपासचंच वाचा.

क्वालिटीसाठी मापन उपकरणं पक्की करा. व्हर्नियरवर मुख्य पट्टीचा एक भाग १ मिमी आणि सरकत्या पट्टीवर ५० भाग, म्हणून लीस्ट काउंट (उपकरणावर वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी. मायक्रोमीटरचा पिच ०.५ मिमी, थिंबलवर ५० भाग, म्हणून ०.०१ मिमी. एवढं सगळ्यांना येतं. पुढचा प्रश्न खरा असतो: २० ± ०.०५ मिमीचा शाफ्ट कशाने मोजशील? एकूण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ०.१० मिमी. उपकरणाने टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत वाचलं पाहिजे, हा प्लांटमधला ढोबळ नियम. म्हणजे ०.०१ मिमी. व्हर्नियर तिथे कमी पडतो, ० ते २५ चा मायक्रोमीटर लागतो. उत्तरासोबत कारण सांगितलं की प्रश्न विचारणाऱ्याला कळतं, याने उपकरण हातात धरलंय.

प्लग गेजचाही प्रश्न ठरलेला. भोकासाठीच्या गेजची गो बाजू (आत गेलीच पाहिजे ती) भोकाच्या किमान मापाची, नो-गो बाजू (आत जाता कामा नये ती) कमाल मापाची. पाठ करू नका, कागदावर भोक काढून स्वतःला समजावा.

ड्रॉइंग वाचायला देतात. फर्स्ट अँगलची खूण ओळखता यायला हवी आणि २० एच७/जी६ असं लिहिलेलं दिसलं तर ते क्लिअरन्स फिट (भोक आणि शाफ्टमध्ये फट राहते ते) आहे एवढं तरी सांगता यायला हवं. ज्यांना जमेल त्यांनी आकडेही बघून ठेवावेत: भोक २०.००० ते २०.०२१, शाफ्ट १९.९८० ते १९.९९३, म्हणजे फट कमीत कमी ०.००७ आणि जास्तीत जास्त ०.०४१ मिमी.

प्रॉडक्शनला जाणाऱ्यांनी सायकल टाइम (एक नग तयार व्हायला लागणारा वेळ) आणि ओईई समजून घ्यावा. मशिनची उपलब्धता, वेग आणि चांगल्या मालाचं प्रमाण या तिघांचा गुणाकार म्हणजे ओईई. ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९ टक्के असतील तर साधारण ८४.६ टक्के. मेंटेनन्सवाल्यांनी बेअरिंग, सील, बेसिक हायड्रॉलिक्स आणि न्यूमॅटिक्सचं सर्किट बघावं.

फाइव्ह एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीचे) पाच जपानी शब्द घडाघडा म्हणणारे रोज येतात. त्यापेक्षा तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कुठली वस्तू चुकीच्या जागी होती आणि ती कुठे असायला हवी होती, ते एका उदाहरणाने सांगा.

कंपनी बनवते काय?

इथे अर्धा तास पुरतो. वेबसाइटवरचं उत्पादनांचं पान उघडा आणि तो भाग गाडीत कुठे बसतो ते शोधा. चाकण परिसरात बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, स्कोडा-फोक्सवॅगन असे गाड्या बनवणारे आहेत आणि त्यांच्याभोवती त्यांना सुटे भाग पुरवणारे. फ्रेशरला बहुतेक वेळा कॉल येतो तो या पुरवठादारांकडून. कंपनी ब्रेकचे भाग बनवत असेल तर ते कास्टिंग आहे की प्रेसचं काम, पुढे मशिनिंग होतं का, एवढं माहीत करून जा. "आमच्याबद्दल काय माहीत आहे?" या प्रश्नावर स्थापनेचं साल आणि टर्नओव्हर सांगणारे पुष्कळ असतात. "तुमच्याकडे ॲल्युमिनियम डाय कास्टिंग होतं, तिथे पोरॉसिटी (धातूतली बारीक छिद्रं) कशी तपासतात ते मला शिकायचंय," असं म्हणणारा क्वचितच भेटतो.

ओळख करून द्या

नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, घरात किती जण, छंद गाणी ऐकणे. ही साखळी ऐकून ऐकून समोरच्याचं लक्ष तुमच्या फायलीत गेलेलं असतं. मिनिटभरात सांगता येईल असं काहीतरी याऐवजी तयार करा:

"सर, मी यंदा मेकॅनिकल डिप्लोमा केला. शेवटच्या सेमिस्टरमध्ये एका मशीन शॉपमध्ये सहा आठवड्यांची इंटर्नशिप केली, तिथे इन-प्रोसेस इन्स्पेक्शनला होतो. रोज शाफ्टचं माप घेऊन रिपोर्ट भरायचो. एका मशिनवर माप सतत वरच्या बाजूला सरकत होतं, ते मी सुपरवायझरना दाखवलं, टूल झिजलेलं निघालं. मला क्वालिटीतच काम करायचंय. मी मूळचा बार्शीचा, इथे भोसरीत राहतो, शिफ्टची अडचण नाही."

ही ओळख दुसऱ्याची आहे, तुम्ही तुमची बनवा. शब्दशः पाठ करू नका, मुद्दे पाठ करा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका आणि मग घरातल्या कुणाला तरी समोर बसवून सांगा. आईला किंवा धाकट्या भावाला कळलं तर प्लांट हेडलाही कळेल.

इंग्रजीबद्दल. मराठी माध्यमातल्या मुलांना वाटतं की इथेच आपण मागे पडतो. शॉप फ्लोअरवरच्या कामात दिवसभर मराठी-हिंदीच चालते आणि समोर बसलेले अनेक जण स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले असतात. ओळख इंग्रजीत तयार ठेवा, साध्या छोट्या वाक्यांत. पुढे तांत्रिक प्रश्नाला अडलात तर सरळ विचारा, "सर, हे मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगू का?" बहुतेक जण लगेच हो म्हणतात. चुकीच्या इंग्रजीत अर्धवट बोललेल्या बरोबर उत्तराचं मोल कमी होतं आणि मला ते बघून दरवेळी वाईट वाटतं. मात्र ग्राहकाशी बोलायचं पद असेल, तर इंग्रजीवर आधीपासून मेहनत घ्यावी लागेल. तिथे सवलत नसते.

आदला दिवस

फाइल लावा: बायोडाट्याच्या तीन प्रती, दहावीपासूनच्या मार्कशीट क्रमाने, डिप्लोमा किंवा पदवी प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो, इंटर्नशिपचं पत्र. मूळ कागद वेगळ्या फोल्डरमध्ये. ते दाखवायचे आणि परत घ्यायचे, ठेवून द्यायचे नाहीत.

पत्ता नीट तपासा. पत्त्यावर चाकण लिहिलेलं असतं, पण गेट निघोजे, खराबवाडी, सावरदरी नाहीतर वासुलीला असतं, आणि ते चाकण गावापासून बरंच आत असतं. म्हाळुंगे नावाने तर हमखास घोटाळा होतो. एक म्हाळुंगे बाणेर-बालेवाडीजवळ आहे आणि दुसरं चाकण एमआयडीसीत. नकाशावर पहिला पर्याय दाबून चुकीच्या दिशेला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. गेटचं लोकेशन एचआरकडून मागून घ्या. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण रस्ता, दोन्हींवर शिफ्टच्या वेळी गाडी जागची हलत नाही. नकाशा पाऊण तास सांगत असेल तर दीड तास धरून निघा. शक्य असेल तर आदल्या दिवशी एकदा गेटपर्यंत जाऊन या. बाहेरगावहून येणाऱ्यांनी रात्रीच भोसरी किंवा चाकणमध्ये नातेवाइकाकडे मुक्काम करावा.

कपड्यांना फार डोकं लावू नका. इस्त्रीचा फिक्या रंगाचा शर्ट, गडद पँट, बंद बूट. मुलींनी साधा कुर्ता किंवा फॉर्मल, पण पायात बंदच काहीतरी. मुलाखतीनंतर शॉप फ्लोअर दाखवायला नेतात आणि तिथे चप्पल-सँडलवर आत सोडत नाहीत. लोंबणारी ओढणी, कडं, अंगठी हे त्याच कारणाने टाळा.

गेटपासून खुर्चीपर्यंत

वीस मिनिटं आधी गेटवर असा. सिक्युरिटीवाले ओळखपत्र बघतात, रजिस्टरमध्ये नोंद करतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. त्यांच्याशी "नमस्कार दादा" म्हणून नीट बोला. आत चालताना पिवळ्या पट्ट्यांमधूनच चाला, फोन खिशात ठेवा. तुम्ही कसे चालता हे सोबत आलेला एचआर बघत असतो.

खोलीत नमस्कार, बसायला सांगितलं की बसा. प्रश्न पूर्ण ऐका. उत्तर येत नसेल तर "सर, हे मला माहीत नाही, पण माझ्या अंदाजाने असं असावं," असं म्हणून विचार मोठ्याने मांडा. अंदाजच करता येत नसेल तर "माहीत नाही" एवढंच पुरे. थापा मारणाऱ्याला पुढचे तीन प्रश्न त्याच थापेवर येतात.

काही ठरलेले प्रश्न आहेत. "रात्रपाळी चालेल का?" घरी विचारून आधीच ठरवा, आणि नसेल चालत तर तसं सांगा. रुजू झाल्यावर महिन्याभरात सोडलेल्या नोकरीने पुढच्या ठिकाणी अडचण होते. मुलींनी कंपनीची बस कुठपर्यंत येते आणि शिफ्ट कुठल्या, हे बिनधास्त विचारावं. "कमजोरी काय?" याला "मी खूप मेहनत करतो" हे उत्तर देऊ नका. खरी, सुधारता येण्यासारखी गोष्ट सांगा आणि त्यावर काय करताय तेही. "पाच वर्षांनी कुठे?" यामागची भीती एवढीच असते की हा शिकेल आणि निघून जाईल, किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी सोडेल. याच क्षेत्रात राहायचं असेल तर तसं ठामपणे सांगा.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हटलं की "नो सर" म्हणू नका. "पहिल्या सहा महिन्यांत मला कुठल्या लाइनवर काम मिळेल?" किंवा "ट्रेनिंग कसं असतं?" एवढं विचारा. हे विचारणारा उमेदवार आधीच कामाचा विचार करायला लागलेला असतो.

पगाराचं बोलणं

फ्रेशरला घासाघीस करायला जागा थोडी असते, पण आकडा समजून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्षाला ३ लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे महिना २५,००० हातात येतील असं समजू नका. समजा बेसिक १२,५०० आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ६०१, हे दोन्ही बहुतेक कंपन्या सीटीसीतच धरतात. उरले २२,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,१९९. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो नाही, म्हणून त्यांच्या हातात २१,३९९ येतील. एकूण वेतन महिना २१,००० किंवा त्याखाली असेल तर ईएसआयसीचे (कामगार राज्य विम्याचे) ०.७५ टक्केही कापले जातात, पण त्यातून स्वतःच्या आणि घरच्यांच्या उपचारांची सोय होते. कँटीन आणि बसचे पैसे काही ठिकाणी वेगळे कापतात, ते विचारा.

अपेक्षा विचारली तर "कंपनी देईल ते" असं म्हणू नका. "हातात साधारण इतके आले तर माझं इथलं राहणं-खाणं निभेल" हे प्रामाणिक उत्तर आहे. त्यासाठी भोसरी-चाकणमधल्या खोलीचं भाडं आणि मेसचे दर आधी काढून ठेवा.

नंतर

त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा, न आलेल्यांची उत्तरं शोधून लिहा. पुढच्या कंपनीत त्यातले निम्मे परत येतात. दुसऱ्या दिवशी एचआरला दोन ओळींचा मेसेज पुरतो: कोणत्या पदासाठी आलो होतो आणि वेळ दिल्याबद्दल आभार. आठवड्याने एकदा फोन करा, रोज नको.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी पाहायच्या गोष्टी: नेमणूक कुणाच्या नावाने आहे, पद आणि ठिकाण, पगाराची पूर्ण विभागणी, प्रोबेशन किती महिने, नोटीस पीरियड किती, आणि बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का. बॉण्ड असेल तर रक्कम आणि मुदत वाचा, कोऱ्या चेकवर सही मागत असतील तर देऊ नका. मूळ मार्कशीट जमा करायला सांगत असतील तर नम्रपणे नकार द्या, साक्षांकित प्रती द्या. रुजू होण्याची तारीख आणि रिपोर्टिंगचं गेट लेखी मागून घ्या, आणि खोलीचं डिपॉझिट भरायचं असेल तर ते पत्र हातात आल्यावरच भरा.